नीळ

हिरोसाकी, जानेवारी. बाहेर बर्फ
तळमजल्याच्या खिडक्यांच्या कपाळापर्यंत.
आत खोली अंधारलेली, पडदा तेवढा उजळ,
आणि पडद्यावर ओसानाई फुमिए यांचं आतडं:
ओलं, गुलाबी, वळणावळणाचं,
पाहुणा कधी न आलेल्या घरासारखं नीटनेटकं.

बाई एक्काहत्तरच्या. सफरचंदांच्या बागेतल्या.
सकाळी दोन लिटर औषध संपवून म्हणाल्या,
"एवढं तर मी रोपालाही एका वेळी पाजत नाही."
मुलगा साप्पोरोला. कळवलंय का, मी विचारलं.
मान हलवली. पोटातच ठेवलंय, म्हणाल्या,
आणि आपल्याच शब्दाला हसल्या.

उजव्या बाजूला, एका घडीमागे, ते पसरलं होतं.
देठ नाही, गाठ नाही.
साय धरते तसं. बेचाळीस मिलिमीटर.
डॉक्टर कासाई म्हणाले, "नीळ."
मी सिरिंज दाबली
आणि साय वर आली, फुगली,
तिच्याखाली निळं पाणी.

नव्या मुलींना मी सांगते:
वरचा थर काढायचा, खालच्याला धक्का लावायचा नाही,
आणि मधला, जो आपण फुगवतो,
त्याचं काम फक्त जागा देणं.
सुरी चालते ती त्या दिलेल्या जागेत.
दीड मिलिमीटरची सुरी.
एकोणीस वर्षं झाली, अजून तिच्याकडे बघताना
मी श्वास धरते. हे मात्र सांगत नाही.

एकदा रक्त आलं. पडदा भरून लाल.
डॉक्टरांचा आवाज उलट खाली गेला: "चिमटा."
एक पांढरा ठिपका, जरा वाफ,
पुन्हा निळं.
बाई झोपेच्या काठावरून म्हणाल्या,
"भलतीच फांदी छाटलीत का?"
कुणी हसलं नाही.
मग डॉक्टर हसले, सुरी न हलवता.

दोन तास चाळीस मिनिटं.

त्यानंतरचं माझं. बुचाच्या पाटीवर
तो तुकडा पसरायचा, कडा दुमडू न देता,
टाचण्या लावायच्या. चौदा लागल्या.
ओढलं तर फाटतं. सोडलं तर आक्रसतं,
आणि पॅथॉलॉजीतले मात्सुहाशी फोन करून विचारतात,
ही गोगलगाय कुणी पाठवली.

बाईंना पाहायचं होतं. दाखवलं.
बराच वेळ पाहिलं त्यांनी, चष्मा लावून, काढून.
"दर जूनमध्ये फळाफळाला कागदी पिशवी बांधते मी.
बोटांना कळतं कुठलं किडलंय.
आणि हे इतकं जवळ..."
वाक्य तिथंच राहिलं.
काय निघेल, विचारलं. दहा दिवसांनी कळेल, म्हटलं.
त्याहून जास्त मला माहीत नव्हतं.

मग म्हणाल्या, नंबर लावून द्या, हात थरथरतोय.
मी लावून दिला.
छपरावरचा बर्फ उतरवायला माणूस मिळाला,
उत्तरेकडच्या दोन झाडांच्या फांद्या मोडल्या,
तुझ्याकडे किती पडला, जेवलास का.
आवाज असा का येतोय, त्यानं विचारलं असावं.
"आत्ताच उठले," म्हणाल्या.

लेकरासाठी आतडं तुटतं म्हणतात.
मी आत्ताच पाहून आले होते, सगळं, टोकापर्यंत.
तुटलेलं कुठं दिसलं नव्हतं.

मी हात धुवायला गेले. दोनदा धुतले.
अंगठ्याच्या नखात थोडी नीळ राहिलीच.