मागून

माझी हजेरी अठ्ठावन्न टक्के भरली
म्हणून मी नाटकात गेलो.
टेंभुर्णे सर म्हणाले, गाता येतं? नाही.
पेटी, तबला? नाही. वाचता तरी येतं ना बाबा?
आणि हातात दिली एक वही,
पानापानाला डांबरगोळ्यांचा वास.

नाटक होतं नाटक कंपनीचं.
शंभर वर्षांपूर्वीची मंडळी, बैलगाड्या, ट्रंका,
मालकाचं कर्ज, नटाचा बसलेला गळा
आणि उठता-बसता पद.
तेव्हा म्हणे रात्री दहाला सुरू होऊन
कोंबड्याच्या बांगेला संपायचं.
आम्हाला हॉल साडेनऊपर्यंत.
सरांनी लाल पेनानं एकवीस पदं कापली,
प्रत्येक कापताना चष्मा काढून पुसला.

एप्रिलची तालीम, धरमपेठ, लॅबच्या वरची खोली.
कूलर लावला तर सूर ऐकू येत नाही,
बंद केला तर मिशा गळून पडतात.
पौनीकरची मिशी दोनदा त्याच्याच चहात सापडली.
पेटीवरून फैजान ओरडायचा,
'भूप हाये का भट्टी बे हा?'

प्रांजली हेडाऊ, गोळीबार चौकातली.
तिला व्हायचं होतं
बायकांची कामं करणारा पुरुष.
नऊवारीत ती अशी चालायची
की आधी बाई दिसे,
मग त्या बाईतून चालणारा एक माणूस,
आणि जिना उतरताना दोघंही नाहीत,
फक्त घाम पुसत चिवडा मागणारी प्रांजली.

सेट म्हणजे स्टेजवर स्टेजची मागची बाजू.
खोट्या विंगा, खोटा पडदा,
खोटे प्रेक्षक मागच्या भिंतीकडे.
म्हणजे खऱ्या लोकांना पाठ करून
भिंतीसमोर गायचं.
भिंतीला लागून, काळ्या कापडाच्या फटीत
मी, वही, टॉर्च, पाण्याची बाटली.

पहिल्या अंकात वेदांत चुकून खोट्या विंगेत गेला
आणि सगळ्यांना दिसेल असा
अकरा मिनिटं लपून उभा राहिला.
लोकांना वाटलं, असंच असतं.

शेवटच्या अंकात कंपनीचा शेवटचा खेळ.
प्रांजली वळली.
पाचशे माणसांकडे पाठ, माझ्याकडे तोंड.
फैजाननं सूर धरला.
तिनं ओठ उघडले. काही आलंच नाही.

नाटकातला प्रॉम्प्टर होती आचल गजभिये.
तिच्या हातात फिजिक्सचं जर्नल,
ती घर्षणाच्या प्रयोगाकडे बघत राहिली.
खरी वही माझ्याकडे,
पण पान केव्हाच सुटलेलं, टॉर्च पायाशी,
कारण मी बघत होतो
तिचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं.

दीड महिना जे पद ऐकून मी वैतागलो होतो
तेच तोंडून निघालं, मोठ्यानं, बेसूर,
'क्षनभर थांब रे प्राना'.
सगळे ण माझ्या आजोळचे.

हॉलमध्ये हशा. लोकांना वाटलं, लिहिलंयच तसं.
आचलनं जर्नलमागे तोंड हलवलं, भली पोरगी.

आणि ती गायली.
माझा शब्द जसाच्या तसा घेतला, न सकट,
मग तो न वर नेला, पंख्यांच्या वर,
तिथे थोडा वेळ ठेवला,
आणि खाली आणला तेव्हा
त्याचा ण झालेला होता.
मला गाण्यातलं कळत नाही. एवढं दिसलं
की ती माझ्याकडे बघत नव्हती.
भिंतीवर लिहिलं होतं 'येथे थुंकू नये',
तिथे बघत होती,
जशी तिथे पहिली रांग बसलेली.

वन्स मोअर आला. तिच्या पाठीमागून.
ती वळली नाही. वळायचं नाही असं सरांनी बजावलेलं.
सगळ्यांनी ओळीनं वाकून नमस्कार केला
भिंतीला, कापडाला, मला.
टाळी वाजवली तर मी ऐकू जाईन,
म्हणून वही काखेत धरली
आणि अंधारात नुसतेच हात जोडले.

साडेदहाला सेट टेम्पोत चढला.
आडव्या पडलेल्या विंगांवर आम्ही चौघं.
शंकरनगरच्या सिग्नलला टेम्पोवाला म्हणतो,
'कसं झालं बे नाटक?'
म्हटलं, समोरून काय मालूम भाऊ.
मागून मस्त झालं.