विझायचा राहिलेला

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी
अंगणवाडीत लाकडी नंदी ओढता ओढता
एका पोराच्या नंदीचं चाक अडलं.
रेखाबाई ठमकेंनी वाकून पाहिलं.
फरशीला फोड आलेला, रुपयाएवढा,
नखानं उकरला तर आत पांढरं पीठ.

दिवाळीपर्यंत असे एकोणचाळीस.
कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसे.
फक्त या लाह्यांना चार वर्षं लागली.

त्या फरशीच्या रिपोर्टवर सही माझी आहे.

प्लान्टच्या मागे माझी लॅब. पत्र्याचं शेड,
एक वाफेची टाकी, साचे, एक मोडकं स्टूल,
खिडकीत स्लॅगचा काळा डोंगर.
रात्री त्यावर लाल रस ओततात
तेव्हा गावातली कुत्री उगाच भुंकतात.
तोच डोंगर दळून आम्ही सिमेंटात घातला,
त्याचीच खडी करून फरशीत.
ठोकळे केले, पाण्यात बुडवले,
अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली फोडले.
ताकद अशी आली की साहेबांनी पेढे मागवले.
हे पुढे वाढेल का,
असं कोणी विचारलं नाही.
विचारायचं काम माझंच होतं.

झिबल खोब्रागडे फोड बघायला आला.
वय त्याचं त्यालाही ठाऊक नाही;
बैल जुंपून चुन्याची घाणी चालायची
तेव्हा तो घाणीवर होता.
पांढरं पीठ त्यानं जिभेवर ठेवलं, थुंकला.
"चुना विझोला होता का, पोरा?"
मी म्हटलं, बाबा, हा चुना नाही,
पोलादाची मळी आहे, सोळाशे अंशांतून निघालेली.
"मंग हे काय होय? तुह्या मायची कणीक?"

खरं होतं त्याचं.
भट्टीत जो चुना फार भाजतो
तो इतका घट्ट होतो
की पाणी आलं तरी दार उघडत नाही.
सिमेंट आवळतं, वाळतं, लोक त्यावर चालतात,
मुलं खिचडी सांडतात, रेखाबाई पोतेरं मारते,
आणि एखाद्या पावसाळ्यात ओल त्याच्यापर्यंत पोचते.
मग तो जागा मागतो,
होती त्याच्या जवळजवळ दुप्पट.
मॅग्नेशिया तर त्याहून आळशी,
तो अजून यायचाच आहे.

आमची काळी माती काही कमी नाही.
वैशाखात भेगेत शेळीचं खूर अडकतं,
श्रावणात तीच फुगून उंबरठे उचलते.
पण ती दरवर्षी करते, सांगून करते,
आणि परत जागेवर येते.
फरशी परत येत नाही.

आता डोंगराचा एक कोपरा मी मागून घेतलाय.
त्यावर दिवसातून दोनदा पाइपानं पाणी,
पंधरवड्याला उलथापालथ.
सहा महिने झाले. साहेब म्हणतात,
शेणखत कुजवतोस काय रे?
होय साहेब, साधारण तसंच.

नवीन कांड्या केल्या आहेत, वीतभर लांब,
दोन्ही टोकांना पितळी घुंड्या.
वाफेतून काढायच्या, निववायच्या,
काट्याखाली उभ्या करायच्या, श्वास धरून.
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा
लांबी वाढली तरी काटा चुगली करतो.
परवा चार घरं. काल तीन. आज पुन्हा तीन.
पूर्वी आकडे पेन्सिलनं लिहायचो.

अंगणवाडी सध्या समाजमंदिरात भरते.
नंदीवाला पोरगा पहिलीत गेला.
जुनी फरशी मी स्वतः फोडली, घण घेऊन;
फुटता फुटेना, एवढी ताकद.

झिबल रोज संध्याकाळी येतो,
खर्रा घोटत ढिगाजवळ बसतो.
पाणी मारलं की कान खाली नेतो.
आतून बारीक चुर्र येतं,
कुठंतरी तव्यावर थेंब पडावा तसं.
साहेबांचा फोन वाजतो: सर्टिफिकेट कधी?
मी झिबलकडे बघतो.
तो हात वर करतो.
"थांब. थो अजून बोलू रायला."