चेन

सित्रा, शुक्रवारची रात्र. कॅम्पच्या मेसमध्ये
अब्बास नाखव्याने भाड्याने आणलेली कॅसेट:
काळंपांढरं अंतराळ, दोऱ्याला टांगलेलं यान
(दोरा दिसतो, हलतोसुद्धा)
आणि यानाच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे,
आपल्या किचनमागे पडलेत तेच, फक्त चंदेरी.

मग राक्षस आला. रबरी, तीन डोळ्यांचा,
एक डोळा सैल.
वळला, तर पाठीवर चेन!
हसता हसता कुणाचा तरी चहा सांडला.

लवू शिगवण तेवढा हसला नाही.
म्हणाला, "आत केवढं उकडत असेल रे.
हजेरी किती देत असतील ह्याला?"

शेवटी हिरोने गोळी घातली.
राक्षस पडला, बेताबेताने,
सूट फाटू नये असा.
लवूने तेवढंच परत लावायला सांगितलं.
कुणी ऐकलं नाही, उद्या ड्युटी.

पहाटे चारला बस.
टाकी नंबर सात. तळाला गुडघाभर गाळ,
वर झाकणाएवढं आभाळ.
लवूने सूट चढवला, हवेची नळी जोडली,
काचेमागे चेहरा धुरकटला.
मग माझ्याकडे पाठ करून
उभा राहिला.