कोटेशनच्या मागच्या बाजूला

पुढच्या बाजूला तामसेबाई, सातवा मजला, मुलुंड पश्चिम.
खिडकी चार बाय साडेचार, चौकोनी गज, दहा एमएम,
रेड ऑक्साइडचे दोन हात, वरून पांढरा.
माल लिफ्टमधून जाणार नाही, हमाली वेगळी.

मागच्या बाजूला जिराफ.

जिराफाला ग्रिल लागत नाही, दरवाजा लागतो.
अठरा फूट उंच, बिजागऱ्या जाड
आणि आवाज न करणाऱ्या. जिराफ म्हणे दचकतो.
दचकणाऱ्यांसाठी मी आजवर काहीच बनवलं नाही.
माझी गिऱ्हाइकं घाबरतात, ते वेगळं.

पंचवीस वर्षं भांडुपच्या चढावर पांचाळांचं हे दुकान:
दोन वेल्डर, एक कटर, फुटपाथवर वाळत ठेवलेले पिंजरे.
लोक आपल्या पायानं येतात, आपलंच माप देतात,
जरा पुढे काढा म्हणतात, कुंड्या राहतील,
ॲडव्हान्स देतात
आणि पावती जपून ठेवतात.

संध्याकाळी इर्शाद मशीन बंद करतो,
मी टेकडीमागच्या खदानीवर जातो.
बंद पडून जमाना झाला. तळाशी हिरवं पाणी,
पाण्यात कुणाचा तरी सोफा.
तो काढला की तिथे पाणघोडा.
डावीकडे करवंदीच्या जाळीत साळिंदर,
वरच्या कपारीत तरस. एकटं राहील बिचारं,
रात्री हसलं तरी सोसायटीची नोटीस येणार नाही.
वाघ नको. वाघ म्हटला की बॅनर आला,
हार, नारळ, उद्घाटनाला तीन तास उशीर.
आणि बिबट्याला आणायची गरजच नाही.
तो अधूनमधून आमच्या गल्लीतून जातो,
कुत्री एकदम गप्प झाली की समजायचं.

कुंदा म्हणते, दिल्लीची परवानगी?
कुंदा म्हणते, पाणघोडा दिवसाला चाळीस किलो चारा खातो,
आणि तुम्ही मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी
अर्धा तास उभे राहता.
खरं आहे. चाळीस किलो कुठे वाचलं, ते मात्र सांगत नाही.

तामसेबाईंकडे फिटिंगला गेलो.
म्हणाल्या, दोन गजांत सहा इंच सोडा.
मी म्हटलं, बाई, चारच्या वर कुणी सोडत नाही,
लहान मूल असेल तर डोकं अडकतं.
म्हणाल्या, लहान मूल नाही.
मोठंही नाही.
पोपट येतो एक, त्याला आत यायला बरं पडेल.

सहा इंच सोडले.
आतल्या बाजूच्या कडा कानस लावून गोल केल्या,
बिलात धरल्या नाहीत.
गजाला कपाळ टेकून बघत बसणारी माणसं
मी खालच्या रस्त्यावरून पुष्कळ पाहिली आहेत.

त्या रात्री कुंपण काढायला घेतलं.
सफारीत गज नसतात, चर असतो,
प्राण्याला तो ओलांडता येत नाही
आणि बघणाऱ्याला तो दिसत नाही.
पण हात सरावलेला. पेन्सिल टेकवली की उभी रेघ,
तिच्या शेजारी उभी रेघ, मध्ये चार इंच.
खोडलं. परत तेच.
शेवटी तेवढी जागा कोरी सोडली
आणि खाली लिहिलं: इथे काहीतरी.

आज सकाळी वही उघडली, नवीन माप लिहायला,
तर जिराफाच्या पायाशी कुंदाचं अक्षर,
हिशेबाच्या वहीतलं, बारीक, डावीकडे झुकलेलं:
खवले मांजर का नाही?
आणि त्याच्याखाली, बहुतेक दुपारी विचार करून, वेगळ्या पेननं:
पण इतक्या मुंग्या रोज आणायच्या कुठून?

आमच्या ओट्यावर लग्नापासून
ती मुंग्यांच्या खडूच्या रेघा मारत आली आहे.
रात्री पाणी प्यायला उठलो.
साखरेच्या डब्यापासून खिडकीपर्यंत लांबच लांब रांग,
खडू शेजारीच पडलेला,
आणि कुंदा दिवा न लावता
उभी.