अकराशे बेचाळीस, सहा सेकंद

ससाणेनगर, तिसरा मजला.
शिलाई मशिनच्या टेबलाला शिकंज्यात आवळलेलं सुकाणू,
शेजारी तीन दांडे: ताकद, पंखा, इंधन.
दांडे मी केलेत. बोहरी आळीतले कपाटाचे तीन नॉब,
सायकलचे जुने ब्रेक, आणि एक पोलादी पट्टी,
ती कारखान्यातून घरी कधी आली ते विचारू नका.
वायरी नातवाने जोडल्या.
"आजोबा, खेळ आहे, एवढं काय," म्हणाला.
मी म्हटलं, बरं.

पडद्यात पापुआचा डोंगर, डोंगरावर गवताची धावपट्टी,
चढती, दिवे घाटातल्या एका वळणाएवढी.
मागे माल: तांदूळ, रॉकेल, पत्रे,
आणि कागदोपत्री एक डुक्कर.

बॅटरी. पंप. स्टार्टर.
आधी नुसती शीळ. बारा टक्के, तेरा.
आता इंधन.
आता काटा बघायचा, दुसरं काही बघायचं नाही.

काटा बघायला मला कुणी शिकवायला नको.
मुंढव्यात एकतीस वर्षं भट्टीपुढे काढली,
बहुतेक तिसरी पाळी.
लाल कुठला आणि नारिंगी कुठला
ते डोळे मिटून गालांवर ओळखायचो.

तरी गेल्या मंगळवारी सिलिंडरवाला आला
आणि घाईत मी आठ टक्क्यांवरच इंधन सोडलं.
काटा उठला तो उठलाच.
दांडा मागे ओढायचा, एवढंच. हात दांड्यावरच होता.
ओढला नाही.
तो बेल वाजवतोय, मी काट्याकडे बघतोय,
जसा अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात बघत उभा होतो
चाळीस अ‍ॅक्सल आत असताना.

हे विमान अगदी खऱ्यासारखं आहे, असं बनवणारे सांगतात.
म्हणजे काय, तर ते विसरत नाही.
देखभालीच्या पानावर ओळ उमटली:
तापमान ओलांडले, अकराशे बेचाळीस, सहा सेकंद.
तेव्हापासून तेवढ्याच ताकदीला
काटा चाळीस अंश वर राहतो. चढावर इंजिनाला धाप लागते.
पानाखाली एक बटण आहे.
दाबलं की इंजिन कोरं, ओळ गायब.

भट्टीच्या लॉगबुकात मी आठशे साठ लिहिलं.
होतं नऊशे चाळीस.
सकाळी एक अ‍ॅक्सल मोडून बघितला,
आतला कण ज्वारीच्या भरडीसारखा.
माझ्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास,
म्हणजे नंतर कुणीतरी बर्नर वाढवला असणार, असं ठरलं.
बर्नरवर शेलार होता.
मेमो त्याला, इन्क्रिमेंट त्याचं गेलं.
तो काही बोलला नाही. डबा खाताना
मिरचीचा ठेचा पुढे सरकवायचा, तसाच सरकवत राहिला,
आणि मी घेत राहिलो.

बटण दाबलेलं नाही अजून.
तांदळाची चार पोती कमी घेतो, रॉकेल मोजून.
दरीत शिरलं की परत फिरायला जागा नसते,
पुढे डोंगर मोठा होत जातो, आणि नाक
मनाला पटतं त्याहून जास्त वर धरावं लागतं.
चाकं टेकली. दांडा उचलून खाचेच्या मागे,
पाती उलटी हवा ओढतात, खडी उडते.
नेमकं तेव्हाच लोहगावचं खरं विमान डोक्यावरून गेलं,
शोकेसमधले कप किणकिणले.
स्वयंपाकघरातून सूनबाई: "बाबा, आवाज कमी करा जरा!"
तो माझा नव्हता, हे सांगत बसलो नाही.

उतरल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नसतं.
दोन मिनिटं मंद चालू ठेवायचं,
आतलं लोखंड एकसारखं निवू द्यायचं.
हे नातवाला कळत नाही. पोचलात ना, म्हणतो, मग?
या दोन मिनिटांत करायला काही नसतं.
काटा सावकाश खाली येतो.
डुक्कर उतरवून घेतलं असेल.

शेलार आता उरुळीला असतो म्हणे, मुलाकडे.
ऐकायला कमी येतं त्याला.
म्हणजे फोनवर चालणार नाही,
जावं लागेल.

अजून दीड मिनिट आहे.