एक मात्रा

लष्करात, दौलतगंजच्या बोळात, आमचा छापखाना.
दिवसा दसरा दरबारचं मानपत्र जुळवायचो,
रात्री, दाराला आतून कडी लावून, पत्रकं.
खिळे तेच. शाईही तीच.

त्र्यंबकराव फणश्यांनी दरबारात
सरकारांची स्तुती म्हटली, महिन्याभराने
मैदानावर प्रजेची, त्याच चालीत.
मग काय, दोन्हीकडचे पेटले.
दरबारी म्हणाले, भाट फितूर झाला.
परिषदवाले म्हणाले, फितूर कसला, नुसता भाट.
चौथ्या पत्रकावर मात्र कुणाचंच नाव नव्हतं:

    फणसाच्या या अंगी काटे,
    गरा न आत, चीकच दाटे!

पाटणकर बाजारात पोरं पाठ म्हणू लागली.
पानवाल्याने तर त्यातच विडा बांधून
खुद्द त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ते आले. पत्रक घेऊन, कात लागलेलं.
मी घाम पुसला, बोटांची शाई कपाळाला.
त्यांनी ‘फ’वर नख ठेवलं.
“हा तुटका फ माझ्या संग्रहावरही आहे.
बदला एकदा.”
वाटलं, सुटलो.
उंबऱ्यावरून परत वळले:
“दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते.
‘आत’ नको, ‘आतुन’ घ्या.
शिवी तरी वृत्तात हवी.”

कुणी लिहिलं, ते विचारलंच नाही.

ते गेल्यावर बोटांवर मोजलं. पंधरा.
कान तापले माझे.
ऱ्हस्व उकाराचा एक त, एक न उचलला
आणि रात्री पुन्हा पाचशे काढले.
मालकाला वाटलं, मागणी आहे.