टाचणीखालचा पत्ता

अक्षर बरं म्हणून मला ठेवलं कीटकांच्या खोलीत.
नखाएवढा कागद. त्यावर गाव, काठ, तारीख, कुणी धरली.
बाकी काही मावत नाही.

गोडांबे बाई चिखलाच्या चपला दाराबाहेर काढून
काचेची नळी पुढे करायच्या.
"कुदळे, ही मधमाशी नाही हं."
मला तर मधमाशीच दिसे. पट्टे तेच, रुबाब तोच.
"पंख मोजा."
दोनच.
मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक टिपऱ्या,
हवेत तोल धरायला.
नांगी? नाहीच. सगळा धाक उसना.
नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले,
मादीच्या डोळ्यांमधे भांगाएवढी फट.

एकदा त्यांच्यासोबत पाषाणला गेलो,
नाल्याचं पाणी तळ्यात शिरतं तिथं, पाणकणसांत.
माझ्या नाकाला रुमाल. बाई वाकलेल्या.
काळ्या गाळात पेराएवढी अळी,
आणि तिच्याहून लांब तिचं शेपूट.
शेपूट कसलं, नळीच ती. टोक पाण्यावर,
बाकी सगळी खाली, जिथं श्वासाला काहीच नाही.
पाणी चढलं की नळी लांबवते.
मला दत्तवाडीची खोली आठवली.
एक झरोका, खाली आम्ही पाच जण.

मान वर केली तर
एक नर हवेत खिळलेला.
वाऱ्यानं पाणकणीस हललं, तो हलला नाही.
आणि मग तिथं नव्हता.
उडाला म्हणावं, तर उडताना दिसला नाही.

भिंतीवर बाईंचा नकाशा होता.
सापडली तिथं लाल ठिपका:
पाषाण, कवडी, विठ्ठलवाडी, भिगवणला दोन.
पलीकडे सगळा कोरा.
"तिकडं होत नाही का ही?"
बाई हसल्या.
"तिकडं मी गेले नाही हो. हा माशीचा नकाशा नाही,
माझ्या एसटीच्या तिकिटांचा आहे."

आता मी धायरीत, पेन्शनीत.
विठ्ठलवाडीच्या त्या काठावर फरशी बसली म्हणे.
खोक्यातल्या लेबलावर मात्र अजून
माझ्याच अक्षरात चिखल आहे.

परवा गच्चीवर, पाचोळा कुजवायच्या बादलीत
काहीतरी वळवळलं. नात किंचाळली, "आजोबा, उंदराची शेपटी! ओतू?"
थांब म्हटलं.
चष्मा शोधला. कागद कापला नखाएवढा.
पुणे. धायरी. तिसरा मजला, निळी बादली.
तारीख घातली.
'कुणी धरली' पाशी पेन थांबलं,
तसंच,
हवेत.